कोपऱ्यातलं पाकीट

४ जानेवारी

चि. ठकी,

तू मुनीला पाठवलेलं पत्र मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण ते पडद्यावर उघडंच होतं आणि वर लाल अक्षरांत 'शेवटची विचारणा' असं लिहिलेलं. शेवटची हा शब्द दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून मी, मुनीचा बाप, उत्तर लिहायला बसलोय. तुझी आई माझी चुलत बहीण, तेव्हा तू माझी भाची. बारा वर्षांत भेट नाही, ओळख सांगितलेली बरी.

तू लिहिलंस की चार महिन्यांत मुनीने कामाला हात लावलेला नाही, आणि येत्या आवृत्तीआधी यादी तपासून पाठवली नाही तर त्याचा भाग प्रोग्राममधून काढावा लागेल. ठके, असं करू नकोस. मुनी फार कामात आहे. कंबरही धरलीय, त्यामुळे आडवा असतो. बाकी काही नाही.

तो काय करतो हे त्याने मला एकदा समजावलं होतं. तुमचा कॉम्प्युटरवरच्या टपालाचा प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा असा. तुम्ही वीस-पंचवीस जण मिळून तो सांभाळता, तू त्यातली मुख्य. पण प्रत्येक मशीनचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, वेगळा, आणि प्रोग्रामने प्रत्येकाशी जुळवून घ्यायचं असतं. मुनीकडे एका जुन्या डेस्कटॉपचं काम. पडद्याच्या कोपऱ्यात पाकीट दिसलं पाहिजे, त्यावर न वाचलेल्या पत्रांचा आकडा पाहिजे, पत्र आलं की घंटा झाली पाहिजे. मी चौतीस वर्षं लिफ्टची देखभाल केली, शिक्षण सातवी, मला माझ्या पद्धतीनेच कळलं. लिफ्टची पेटी सगळीकडे सारखी, पण प्रत्येक मजल्याचा उंबरा वेगळा. तिथे दोन बोटं वरखाली झालं तरी म्हातारं माणूस अडखळून पडतं. म्हटलं, म्हणजे तू उंबरा जुळवतोस. तेव्हा तो हसला होता.

या कामाशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नाही. ते काढू नकोस. यादी म्हणजे काय ते कळव, मी त्याला सांगतो. फोन मात्र करू नकोस, कामाच्या दिवशी तो फोन घेत नाही.

तुझा मामा

११ जानेवारी

ती. मामा,

मुनीच्या पत्त्यावरून उत्तर आलेलं पाहून आधी दचकले, मग बरं वाटलं. 'शेवटची विचारणा' हे माझे शब्द नाहीत. चार महिने काम झालं नाही की तो शिक्का आपोआप बसतो. तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल शिक्क्याच्या वतीने माफी मागते.

उंबऱ्याची गोष्ट मी आमच्या मंडळींना सांगितली. एक जण म्हणाला, आपण काय करतो हे मला सासूला आजवर सांगता आलं नव्हतं, आता येईल.

खरं सांगायचं तर त्या डेस्कटॉपवर आता जेमतेम चारशे जण उरलेत. ज्यांनी तो बनवला त्यांनीच तीन वर्षांपूर्वी हात झटकले. इथले बाकीचे म्हणतात, चारशे जणांसाठी कशाला जीव काढायचा. मी म्हणते, मुनी आहे तोवर राहू दे.

यादी सहा ओळींची आहे. नवी आवृत्ती आली की तिच्यावर सहा गोष्टी करून बघायच्या आणि होय किंवा नाही लिहायचं. प्रोग्राममधूनच भरून पाठवता येते. अर्ध्या तासाचं काम. त्याला म्हणावं, ठकी काही विचारणार नाही, फक्त सहा टिचक्या मार.

मामींना नमस्कार.

ठकी

२ फेब्रुवारी

चि. ठकी,

यादी पाठवली आहे. मुनीने पाठवली. सहाही ठिकाणी होय. तू अर्धा तास म्हणालीस, इथे अडीच दिवस गेले. तो सावकाश करतो, डोळ्यांत तेल घालून.

पाकीट दिसतं. तुझी मामी स्वयंपाकघरातून तिच्या फोनवरून पत्र पाठवते, मग घंटा होते, आकडा एकाने चढतो. पत्र उघडलं की आकडा उतरतो. मामीला सांगितलं होतं, तपासणीपुरतं काहीही लिही. ती प्रत्येक पत्रात 'जेवलास का' एवढंच लिहिते. आकडा उतरतो की नाही ते बघायला पत्र उघडावंच लागतं, म्हणून तेवीस वेळा 'जेवलास का' वाचून झालं. मी म्हटलं, बाई, दुसरं काही लिही. ती म्हणाली, मला दुसरं काही विचारायचं नाही. वर मला म्हणते, लिफ्टवाल्याला खाली आणि वर सोडून कळतं काय.

मुनीने केस कापून बरेच दिवस झाले. दाराशी ठेवलेलं ताट अर्धं परत येतं. काम फार असलं की माणसाचं असं होतं ना? तुझंही होत असेल. सहज विचारतो.

आणि एक. एकदा होय लिहून पाठवलं की पुढच्या खेपेपर्यंत कुणी काढत नाही ना? आमच्यात मशीनघरात एक कार्ड टांगलेलं असायचं, त्यावर महिन्याची सही पडली की महिनाभर कुणी ब्र काढत नसे. तसंच असेल असं धरून चालतो, पण तू एकदा लिहून दे.

तुझा मामा

३ मार्च

ती. मामा,

लिहून देते. कुणी काढत नाही.

मुनीच्या नावापुढे सहा होय पाहून मला काय वाटलं ते इथे नीट सांगता येणार नाही. बैठकीत मी तो कागद सगळ्यांपुढे धरला. प्रोग्रामची सुरक्षा बघणारा आमचा एक जण चारशे जणांवरून कायम कटकट करतो, त्यानेही मान डोलावली. तुम्ही त्याला सांगू नका, लाजेल. पण मी बरेच दिवस एका गोष्टीचं ओझं घेऊन हिंडत होते, ते त्या दिवशी उतरलं.

आता थोडं खरं काम आहे. पत्र आल्याची सूचना पडद्यावर दाखवायची पद्धत आम्ही बदलतोय. बाकीच्या डेस्कटॉपवाल्यांनी आपापले भाग बदलले. मुनीच्या भागात दहा-बारा ओळी बदलाव्या लागतील. त्याला त्या डोळे मिटून लिहिता येतील. महिनाअखेर मिळाल्या तर पुरे.

आणि काम फार असलं की ताट अर्धं परत जातं, हे खरं आहे. माझंही होतं. काळजी करू नका.

ठकी

२० मार्च

चि. ठकी,

तुझं पत्र आलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दहा-बारा ओळी म्हणजे तुला किरकोळ, पण महिनाअखेर म्हणजे आता अकरा दिवस राहिले.

मी ते पत्र मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवलं आणि दुपारी त्याच्या खोलीत नेलं. तो भिंतीकडे तोंड करून होता. कागद उशीजवळ ठेवला. म्हटलं, ठकीने काम पाठवलंय, तुझ्याशिवाय कुणाला येणार नाही म्हणते. तसं तू म्हटलं नव्हतंस, मी जोडलं. त्याने कागद हातात घेतला, पालथा करून खाली ठेवला, आणि म्हणाला, "बाबा, दार लावून घ्या." राग नव्हता आवाजात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणजे कंबर दुखत असताना मी जायला नको होतं, एवढंच. तू यातून भलतं काही काढू नकोस.

माझी एक विनंती आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय. त्या ओळी तुमच्यातल्या कुणी लिहिल्या आणि नाव मुनीचं ठेवलं तर चालेल का? तपासणीचं तो बघेल. ते त्याला जमतं. आमच्यात साहेबाचा हात मोडला होता तेव्हा त्याची सही मी दोन महिने केली होती आणि एकही लिफ्ट पडली नाही. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा मामा

२ एप्रिल

ती. मामा,

ओळी मी लिहिल्या. मुनीचं नाव आधी टाकलं, माझं मागून. नवी आवृत्ती तपासणीसाठी दहा तारखेला निघेल. माझ्याकडे तो डेस्कटॉप नाही, मी आंधळेपणाने लिहिलंय. त्यामुळे या खेपेची तपासणी नीट व्हायला हवी. होय आलं तरच मी ती सगळ्यांसाठी बाहेर काढणार.

कंबरेचं डॉक्टरांना दाखवलंत का?

ठकी

१६ एप्रिल

चि. ठकी,

सहाही होय. तीन-तीनदा बघितलं. तुझ्या ओळी अगदी चपखल बसल्या. घंटा तर आधीपेक्षा खणखणीत वाटली, मामीलाही वाटली. आंधळेपणाने लिहिलंस म्हणतेस, पण हात कुणाचा, आमच्याच घरातला.

डॉक्टरांना दाखवलंय. वेळ लागेल म्हणतात.

तुझा मामा

९ मे

ती. मामा,

हे पत्र तीन वेळा लिहून पुसलं.

नवी आवृत्ती बाहेर पडल्यापासून त्या डेस्कटॉपवाल्यांच्या तक्रारी येताहेत. पाकीट दिसत नाही, घंटा होत नाही. एका बाईंचं कामाचं पत्र नऊ दिवस तसंच पडून राहिलं, कारण त्या कोपऱ्यातल्या पाकिटावर विसंबून होत्या. चूक माझ्या ओळींत आहे. पहिल्याच मिनिटाला दिसावी इतकी ढोबळ. ती दिसली नाही, म्हणून मी जुन्या याद्या काढून बसले.

यादीच्या तळाशी प्रोग्राम आपणहून एक नंबर घालतो. ज्या आवृत्तीवर तपासणी झाली तिचा. मुनीच्या दोन्ही याद्यांवर एकच नंबर आहे, गेल्या ऑगस्टमधला. नव्या आवृत्त्या त्या मशीनवर कधी चढल्याच नाहीत. दोन्ही वेळा जुनाच प्रोग्राम तपासला गेला, आणि तो अर्थातच नीट चालत होता.

मुनी ही चूक झोपेतही करणार नाही. मीही तो नंबर बघितला नाही. नाव बघितलं, होय बघितलं, आणि पुढे गेले.

मामा, तपासत कोण होतं?

ठकी

१४ मे

चि. ठकी,

मी.

तो नंबर मला मशीनच्या पाटीसारखा वाटला. लिफ्टच्या मोटरवर पितळी पाटी असते, तिच्यावरचा नंबर तीस वर्षं बदलत नाही. उलट दोन्हीकडे सारखा आला म्हणून मला समाधान वाटलं होतं. आणि तू नवी आवृत्ती काढलीस की ती रेडिओच्या बातम्यांसारखी घरोघरी आपोआप पोचते, असा माझा समज होता. दर दोन दिवसांनी पडद्यावर एक चौकट यायची, पासवर्ड मागायची. मला तो माहीत नव्हता आणि मुनीची मांडणी बिघडायला नको, म्हणून मी 'नंतर' दाबत होतो. चार महिने 'नंतर' दाबलं. त्या बाईंची मी माफी मागतो. त्यांना कळव की एका म्हाताऱ्याच्या अडाणीपणाने झालं. मुनीचं नाव घेऊ नकोस.

कंबर दुखत नाही त्याची. सांगून टाकतो. गेल्या पावसाळ्यानंतर तो हळूहळू बोलायचा थांबला. नोकरीवरून पत्र आलं, तेही उघडलं नाही. डिसेंबरात एके दिवशी सकाळी उठला, मला वाटलं आता ठीक झाला. त्याने ते मशीन तारांसकट उचललं, बाहेरच्या खोलीत माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि परत जाऊन पडला. डॉक्टरांच्या गोळ्या आहेत. घेतल्या की झोपतो, नाही घेतल्या की छताकडे बघतो. डॉक्टर चांगले आहेत, घाई करत नाहीत. मलाच घाई आहे, मी बहात्तरचा आहे.

तुझं जानेवारीचं पत्र त्याच मशीनवर आलं. घंटा झाली आणि मी गेलो. मला वाटलं, त्याचं नाव तिथे टिकलं तर ज्या दिवशी तो उठेल त्या दिवशी त्याला जायला एक जागा असेल. रिकाम्या हाताने उठलेला माणूस पुन्हा झोपतो. म्हणून मी यादी भरत गेलो. प्रोग्राम त्याचा, नाव आपोआप त्याचंच पडत होतं.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ती रडेल, मग फोन करेल.

मला काय वाटेल ते बोल. पण काढू नकोस. पासवर्ड मिळवतो, नवी आवृत्ती चढवतो, पुन्हा तपासतो.

तुझा मामा

३० मे

ती. मामा,

तुम्हाला बोलायचा मला काही हक्क नाही. का ते सांगते.

गेल्या नोव्हेंबरात मुनीने मला एक पत्र पाठवलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही. जसंच्या तसं देते.

"ताई, माझा भाग काढून टाक आणि माझं नाव यादीतून काढ. कारण विचारू नकोस. सकाळी डोळा उघडला की ते चारशे जण आठवतात आणि मला उठवत नाही."

मी त्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. काढायला मात्र हात धजेना. जानेवारीत तो शिक्का बसला तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे जाऊ दिला. वाटलं, चिडून तरी बोलेल. आणि तुमच्या घरून सहा होय आले. मला वाटलं, मुनीने विचार बदलला, सावरला. विचारलं तर पुन्हा मिटेल म्हणून मी त्या पत्राचा उल्लेखही केला नाही. ओळी मागितल्या त्याही तो आणखी थोडा पुढे यावा म्हणून.

तुम्ही होय लिहीत होतात म्हणजे मी काढू नये, आणि मी काढत नव्हते कारण तुमचे होय येत होते. पाच महिने आपण दोघंच एकमेकांना धीर देत बसलो, मामा. मुनी त्यात कुठे नव्हताच. त्याने सांगायचं ते एकदा सांगून टाकलं होतं.

पंधरा जूनला मी तो भाग काढणार आहे. चूक दुरुस्त करता येईल, तो प्रश्न नाही. पण पुढच्या खेपेला कोण बघणार? तुम्ही म्हणाल मी बघतो. नको. त्याने जे मागितलं ते देण्याइतकं तरी मी करायला हवं होतं, तेव्हाच. चारशे जणांना पत्र गेलं आहे.

त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी लिहिलं तर तो वाचणार नाही.

ठकी

२४ जून

चि. ठकी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा मी तुझ्यावर रागावलो होतो. दुसरा स्वतःवर. तिसऱ्यात नुसताच टेबलापाशी बसत होतो.

सोळा तारखेला दुपारी मुनीच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. याद्या मी भरल्या, त्याच्या नावाने भरल्या, चूक झाली, लोकांना त्रास झाला, आणि तू त्याचं पत्र मला दाखवलंस. मला वाटलं होतं तो चिडेल. खरं तर मी त्यासाठीच गेलो होतो. तो ऐकत होता हे नक्की, कारण मध्ये त्याने मान माझ्याकडे वळवली.

"काढलं का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, काल काढलं.

"नाव?"

म्हटलं, तेही.

"बरं झालं," म्हणाला, आणि डोळे मिटले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपला, गोळीशिवाय. मामी म्हणते, सुधारतोय, बघा. मला मात्र लिफ्ट आठवते. माणसं उतरली की लिफ्टची पेटी हलकी होते, पण त्याने ती दुरुस्त होत नाही. मी चौतीस वर्षं बघितलंय. वर्षभरात तो एका गोष्टीला बरं झालं म्हणाला, आणि ती गोष्ट ही होती.

दोन दिवसांनी परत गेलो आणि पासवर्ड मागितला. त्याने भिंतीकडे बघतच सांगितला. एवढ्या महिन्यांत मी तो मागितला असता तर मिळाला असता, हे आता मला झोपू देत नाही. पण मग यादीत मला खरं, म्हणजे 'नाही', लिहावं लागलं असतं.

नवी आवृत्ती चढवली. मामीला म्हटलं, एक पत्र पाठव. तिने पाठवलं. मी टेबलापाशी बसून राहिलो. कोपरा रिकामा आहे. घंटा झाली नाही, आकडा नाही. अर्ध्या तासाने मामी हात पुसत बाहेर आली, पोचलं का म्हणून विचारायला. प्रोग्राम उघडून बघितलं तेव्हा दिसलं, पोचलं होतं.

तू काढलंस ते व्यवस्थित काढलंस, कुठे काही लोंबत राहिलेलं नाही. कामात खोट नाही तुझ्या.

मुनीच्या तब्येतीचं कळवत जाईन, कळवण्यासारखं असलं तर. तू लिहू नकोस असं म्हणत नाही. पण माझं उत्तर आलं नाही तर रागावू नकोस. तुझं पत्र येऊन पडलं असेल आणि मला कळलं नसेल.

तुझा मामा